वाकळेखालचा दिवा

साहेबराव तात्यांविषयी लिहावे असे मनात आले, तेव्हा मी प्रथम त्यांच्या घरी जाऊन त्यांची परवानगी घेतली. ते ओट्यावर बसले होते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "लिही. पर खोटं लिहू नगंस. आन् माझी गाडी नीट लिही." म्हणून मी गाडीपासून आरंभ करतो. खोटे लिहायचे नाही ही त्यांची अट मला विशेष जड आहे. ती का जड आहे, हे पुढे येईल.

गाडी पांढरी असून शहाण्णव सालची आहे. साहेबरावांची धाकटी मुलगी करुणा हिचा जन्मही त्याच सालचा. साहेबरावांनी २०११ साली, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, ती गाडी जुनी विकत घेतली. त्या वेळी ते सर्वांना सांगत की आता मला एकाच वयाच्या दोन लेकी झाल्या, त्यातली एक तेवढी पेट्रोल पिते. सणसरच्या त्यांच्या वस्तीत चारचाकी अशी ती पहिलीच होती. कोणाला विंचू चावला, कोणाच्या छातीत कळ आली, कोणी बाळंतीण अडली, तर लोक गाडीच्या मालकाला उठवत नसत. ते गाडीच्या टपावर दोन थापा मारत आणि साहेबराव बाहेर येत. इंदापूर जवळ पडेल की बारामती, हे ते रुग्णाचे तोंड पाहून ठरवत.

त्यांचे वडील उसाच्या फडावर मजुरी करत. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा साहेबराव लहान होते. घरातले देव वडिलांनी पाटीत घालून कालव्यात सोडले, एवढे त्यांना आठवते. शाळा चौथीपर्यंत झाली. पंधराव्या वर्षी ते ट्रकवर क्लीनर झाले आणि पुढे साखर कारखान्याच्या शेती विभागाच्या जीपवर चालक म्हणून लागले. ती नोकरी त्यांनी बत्तीस वर्षे केली. या बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्याने सांगितली, तर मात्र ते ऐकून घेत.

गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांचा एक नेम होता. खिशातला रुमाल काढून ते काट्यांवरची काच पुसत. वेगाचा काटा, इंधनाचा काटा, पाण्याच्या उष्णतेचा काटा, असे डावीकडून उजवीकडे. नंतर खटका एकदा पुढे ओढून काट्यांमागचे हिरवट दिवे लागतात का, ते पाहत. दिवसाउजेडी निघायचे असले तरीही पाहत. ते म्हणत, "रस्ता समद्यांचा हाय. ह्यो एवढाच उजेड डायवरचा सवताचा आसतो."

आता माझ्याविषयी आवश्यक तेवढे लिहितो. माझे नाव झुंबर. माझे मूळ गाव कऱ्हाटी. विसाव्या वर्षी मी सणसरला आलो, मोटारीच्या वायरिंगचे काम शिकलो आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याचे शेड टाकून ते काम आजपर्यंत करीत आहे. मी शाळेत गेलो नव्हतो. वायरी मी रंगावरून ओळखत असे आणि त्यात माझी चूक होत नसे. अडचण येई ती फ्यूजच्या डबीच्या झाकणावर. कोणता फ्यूज कशाचा, हे त्या झाकणावर इंग्रजीत छापलेले असते आणि प्रत्येक गाडीत त्यांचा क्रम वेगळा असतो.

साहेबराव जीप घेऊन येत तेव्हा झाकण उघडून मी उगाचच डोके खाजवत बसे. साहेबराव साहेब लोकांच्या सहवासाने इंग्रजी अक्षरे जुळवून वाचायला शिकले होते. ते माझ्या खांद्यावरून वाकत आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखे वाचत, "हॉर्न... वायपर... टेल..." मग म्हणत, "चष्मा लागंल बघ मला, वाचता येतंय का न्हाय त्ये बघत हुतो." मला वाचता येत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. चाळीस वर्षांत त्यांनी ते एकदाही उच्चारले नाही.

पुढे करुणा बारामतीला शिक्षिकेचा अभ्यासक्रम शिकू लागली आणि वस्तीतल्या विहारात तिने संध्याकाळी प्रौढांचा वर्ग सुरू केला. साहेबराव एके दिवशी शेडवर आले आणि म्हणाले, "झुंबर, आमच्या करुणीला सात माणसं दाखवायची हायती, सहाच गावल्यात. तू नुसता येऊन बस. पोरीचं काम हुईल." मी पोरीचे काम करायला गेलो. माझ्या लहानपणी आमच्या लोकांचे आणि त्यांचे पाणी भरण्याचे ठिकाणसुद्धा वेगळे होते. मी बासष्टाव्या वर्षी त्यांच्या विहारात सतरंजीवर बसून माझे नाव लिहायला शिकलो. वर्गात खरे तर नऊ माणसे होती, हे मला दुसऱ्याच दिवशी समजले. मी साहेबरावांना त्याबद्दल विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

ही हकीकत मी मुद्दाम विस्ताराने लिहिली आहे. दुसऱ्याचे उणे त्याला न दुखवता कसे झाकावे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, असे मला वाटत होते.

काट्यांमागच्या दिव्यांबद्दल एक गोष्ट वाचकांस माहीत असावी. जुन्या मोटारीत हे दिवे आणि पाठीमागचे लाल दिवे बहुधा एकाच फ्यूजवर चालतात. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच चौदा एप्रिलला तिच्यावर बाबासाहेबांची प्रतिमा बसवून मिरवणूक काढली होती. रोषणाईच्या माळा कोणीतरी मागच्या दिव्याच्या वायरीला जोडल्या. फ्यूज उडाला, तेव्हा तेथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. दुसऱ्या दिवशी तीही जळाली; काटे अंधारात, पाठीमागचे दिवेही अंधारात. तेव्हा मी साहेबरावांना सांगितले होते की तात्या, पुढे अंधार दिसला की आधी उतरून मागे बघा. मागेही अंधार असेल तर दोष फ्यूजचा. मागे उजेड असेल तर दोष पुढेच कुठेतरी आहे. ही शिकवण त्यांनी पक्की लक्षात ठेवली.

करुणाचे लग्न होऊन ती निरवांगीला गेली. तिचे यजमान बुद्धघोष तेथे शिक्षक आहेत. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सातव्या महिन्यात मुलीला आणायला माहेरचे माणूस जाते. साहेबरावांनी आधीच सांगून टाकले होते की भाड्याची गाडी चालणार नाही, जावयाचीही नाही. वस्तीतल्या वीस-पंचवीस लेकी-सुनांना त्यांनी दवाखान्यात पोहोचवले होते. आता स्वतःच्या लेकीला ते स्वतः आणणार होते. त्या सहा महिन्यांत त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

दसरा झाल्यावर आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, ते गाडी घेऊन शेडवर आले.

"काट्यामागचं दिवं गेलं," ते म्हणाले. "मागं उतरून बघितलं. मागचं लालभडक लागत्यात. पुतळा म्हनली, लागल्यात."

पुतळाबाई या त्यांच्या पत्नी. मागचे दिवे पाहायला त्यांनी पत्नीला उतरवले, ही गोष्ट तेव्हाच माझ्या कानाला लागायला हवी होती. तसे झाले नाही. मी एवढेच पाहिले की गाडीचा डावा आरसा मोडला होता आणि डाव्या दारावर लांब ओरखडा होता. मी विचारले, तर ते म्हणाले की म्हैस घासली. मी चेष्टेने म्हणालो की म्हशीला हिरवा रंग दिला होता की काय, कारण ओरखड्यात हिरवा रंग होता. ते हसले नाहीत.

मी कामाला लागलो. फ्यूज काढून उन्हात धरून पाहिला. आतली तार शाबूत होती. उजेड कमीजास्त करण्याचे एक लहान चाक असते, ते कित्येकदा गाडी पुसताना चुकून फिरते आणि मालक घाबरून येतो. ते मी शेवटपर्यंत फिरवले. दिवसा काट्यांमागचा उजेड दिसत नाही, म्हणून अशा वेळी आम्ही काचेवर काहीतरी पांघरून आत अंधार करतो. मागच्या आसनावर पुतळाबाईंनी शिवलेली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. ती मी पुढच्या काचेच्या आतल्या बाजूने घेऊन आम्हा दोघांच्या डोक्यांवर ओढली. साहेबराव चालकाच्या जागेवर, मी शेजारी.

मी त्यांना खटका ओढायला सांगितला. त्यांनी ओढला.

दिवे लागले. चारही बल्ब लागले. कोवळ्या कडवळाच्या चाऱ्यासारखा हिरवा उजेड काट्यांमागून वर आला. वीस, चाळीस, साठ, ऐंशी हे आकडे मला स्पष्ट वाचता आले. मला वाटले, चला, चाकाचाच दोष होता.

"लागलं का?" साहेबरावांनी विचारले.

मला वाटले ते माझी परीक्षा घेत आहेत. त्यांना तशी सवय होती. मी म्हणालो, "चेष्टा करताय व्हय तात्या?"

"आंधारात कसली चेष्टा करतोस. लाव की."

मी त्यांच्याकडे पाहिले. हिरवा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. ते समोर पाहत होते. मी खटका बंद केला, पुन्हा ओढला, पुन्हा बंद केला. त्यांच्या चेहऱ्यात काही फरक पडला नाही. मग ते हळूहळू पुढे वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, आणि म्हणाले, "कायतरी हाय वाटतंय... न्हाय. न्हाय लागलं."

वाकळेखाली फार उकडत होते. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. तात्या, दिवे लागलेत, तुमचे डोळे दाखवा. एवढेच म्हणायचे होते. वाकळ वर उचलून मी जे म्हणालो ते असे होते:

"तात्या, बल्ब उतरल्यात. बदलायला लागत्याल."

मी असे का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. माझी आई ठमाबाई हिला मोतीबिंदू झाला होता. तो पिकेपर्यंत आम्ही दोन वर्षे थांबलो, थंडीत काढला आणि ती पुन्हा तांदळातले खडे निवडू लागली. आमच्याकडे सर्व लोक असेच समजतात. म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हणजे पिकू द्यायचा. तोवर काही बिघडत नाही. मला वाटले, करुणा घरी येऊ दे, बाळंतपण होऊ दे, मग थंडी सरण्याआधी पुतळाबाईंच्या कानावर घालू. तेवढ्यासाठी आताच या माणसाला गाडीतून का उतरवायचे? चाळीस वर्षे त्यांनी माझे झाकले. चार महिने मी त्यांचे झाकतो. मला त्या वेळी यात चांगुलपणा वाटला, आणि अट अशी आहे की खरे लिहायचे, म्हणून हेही लिहितो की थोडा अभिमानही वाटला.

मी काट्यांचा मीटर काढला, चारही चांगले बल्ब काढून एका डबीत ठेवले आणि त्या जागी पांढऱ्या प्रकाशाचे नवीन एलईडी बसवले. ते इतके प्रखर होते की वाकळेखाली मला डोळे बारीक करावे लागले. साहेबराव पुढे वाकून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"हां. आता दिसतंय. तुझा हात हाय म्हणून, दुसरा गाडी भंगारात काढ म्हनला आसता."

ते गाडी घेऊन गेले. वळणावर त्यांनी नेहमीप्रमाणे दोनदा हॉर्न वाजवला.

दिवाळीनंतर ते निरवांगीला निघाले, तेव्हा मी बरोबर गेलो. नवीन दिवे बसवले आहेत, लांबच्या रस्त्यावर तपासायला हवेत, असे कारण मी सांगितले. दिवसाउजेडी परत यायचे, हेही मीच ठरवले. उसाचा हंगाम सुरू झाला होता आणि रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर होते. मी साहेबरावांच्या शेजारी बसलो आणि रस्त्याकडेची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागलो. पुढे गतिरोधक आहे. वळण आहे, सावकाश जा. खताचे दुकान. मंगल कार्यालय. नवीन वाचायला शिकलेला माणूस असे करतोच, म्हणून त्यांना संशय आला नाही. पाट्यांच्या मध्ये मी ट्रॉल्याही वाचल्या.

"तात्या, ती डावीकडली ट्रॉली बघा, कसला ऊस भरलाय. ढासळंल एखाद्यावर."

साहेबरावांनी गाडी उजवीकडे घेतली. थोड्या वेळाने म्हणाले, "बघितली रं मास्तर. किती बोलतोस आज. तुला शिकवून करुणीनं माझ्या कानाला तरास लावला."

परतताना करुणा मागे बसली होती. ती माझे वाचन ऐकत होती. एका पाटीवर मी 'अपघातप्रवण क्षेत्र' हे दोन शब्द न अडखळता वाचले, तेव्हा ती म्हणाली, "काका, जोडाक्षरं सुद्धा सुटली तुमची." तिच्या आवाजात इतके समाधान होते की मला मागे वळून पाहवले नाही. आम्ही सुखरूप पोहोचलो. पुतळाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. साहेबराव उतरले आणि बोनेटवर हात ठेवून काही वेळ उभे राहिले. त्यांना जे करायचे होते ते त्यांनी केले होते. त्या दिवशी मी त्यांच्याइतकाच आनंदी होतो.

जानेवारीत करुणाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी विहारात नाव ठेवण्याचा कार्यक्रम होता. वंदना झाली, प्रतीक्षा हे नाव ठेवले, आणि मूल आजोबांच्या मांडीवर दिले. साहेबराव मुलीकडे पाहून हसत होते. पण ते तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते. ते तिच्या कानाच्या बाजूला, दुपट्याच्या घडीकडे पाहून हसत होते. मग त्यांनी अंगठ्याने तिचे कपाळ शोधले, नाक शोधले आणि म्हणाले, "माझ्यावर गेली." लोक हसले. करुणा हसली नाही. मी तिच्या समोरच्या बाजूला बसलो होतो. तिने वडिलांकडे पाहिले आणि नंतर, मला आजही खात्रीने सांगता येत नाही, पण माझ्याकडे पाहिल्यासारखे वाटले.

मी तेव्हाही बोलू शकत होतो. पण तो कार्यक्रमाचा दिवस होता.

फेब्रुवारीत ती त्यांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. काचबिंदू पिकत नसतो. तो डोळ्याच्या आतली नस गुपचूप खातो, आणि जे गेले ते कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उजवा डोळा पूर्ण गेला होता. डाव्यात नळीतून पाहिल्याएवढे शिल्लक होते. ते थेंबांनी राखता आले तर राखायचे. चार महिन्यांपूर्वी आले असते, तर डाव्या डोळ्यात पुष्कळ वाचवता आले असते, असे डॉक्टर म्हणाले.

हे मला करुणानेच सांगितले. ती शेडवर एकटी आली होती. मी तिला खुर्ची पुसून दिली, ती बसली नाही.

"डॉक्टरांनी विचारलं, कमी दिसायला कधी लागलं," ती म्हणाली. "तात्या म्हणाले, डोळे ठीकच होते, गाडीचेच दिवे दसऱ्यानंतर गेले होते, झुंबरनं बल्ब बदलले. काका, ते बल्ब खरंच गेले होते का?"

मी उठलो. फळीवरून डबी काढली. बॅटरीला दोन वायरी लावल्या आणि पहिला बल्ब टेकवला. तो लागला. दुसरा टेकवला, तो लागला. तिसरा लागला. चौथ्याला वायर नीट टेकली नाही म्हणून तो एकदा विझला, मग लागला. करुणा चारही बल्ब होईपर्यंत उभी राहिली.

मग ती म्हणाली, "वर्गात दोन महिने तुमचा 'क्ष' चुकत होता. बरोबर आहे असं मी एकदाही म्हटलं नाही."

ती मोठ्याने बोलली नाही. बोलली असती तर मला बरे वाटले असते. ती गेल्यावर मी शेड बंद केले आणि तीन दिवस उघडले नाही.

साहेबरावांकडे जाण्याचे धैर्य मला झाले नाही. मार्चमध्ये तेच आले. गाडी बुद्धघोष चालवत होते. साहेबराव डाव्या बाजूला बसले होते. गाडी थांबल्यावर त्यांनी दार उघडले, पाय खाली सोडला, जमीन चाचपली आणि मग उतरले. माझ्या शेडसमोर एक दगड आहे. तो चुकवून ते नेहमी चालत. त्या दिवशीही त्यांनी तो चुकवला, सवयीने.

बुद्धघोष म्हणाले की गाडी आता ते निरवांगीला नेणार आहेत, पण काट्यांमागचा पांढरा उजेड संध्याकाळी डोळ्यांवर येतो, समोरचे दिसत नाही. पहिल्यासारखे दिवे बसवता येतील का? मी म्हणालो, येतील. एवढे विचारून ते पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेले. ते मुद्दाम गेले, असे मला वाटते.

मी मीटर काढू लागलो. साहेबराव शेजारच्या आसनावर येऊन बसले. मी पांढरे दिवे एक एक करून काढले, डबीतले जुने बसवले.

"तवा लागलंच हुतं न्हवं?" त्यांनी विचारले.

"व्हय तात्या."

"चारीबी?"

"चारीबी."

त्यांनी मान हलवली. "करुणी सांगत न्हवती. म्या वळीखलं. म्या पुतळाला म्हनलं हुतं, झुंबरनं चूक केली आसंल, जुनं बल्ब बिघडल्यालं नसत्याल, ह्याला कळलं नसंल." ते थांबले. "तुझ्या हातनं कामात चूक झाली आसती तर मला बरं वाटलं आसतं बग."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, पण दोघांच्या मध्ये गिअरची दांडी होती आणि माझा हात त्यांच्या गुडघ्यापर्यंतच पोहोचला. त्यांनी तो बाजूला केला नाही. धरलाही नाही.

"मी तुमच्याकडूनच शिकलो हुतो," मी म्हणालो. "फ्यूजच्या झाकणावरचं तुमी वाचायचा. मला कदी बोलला न्हाय."

"न्हाय बोललो," ते म्हणाले. "पर साळंत बसवला न्हवं तुला?"

मी मीटरचे स्क्रू आवळू लागलो.

मीटर बसवून झाला. मी म्हणालो की तपासून घेतो. ते म्हणाले, "वाकळ घे." मागच्या आसनावर तीच वाकळ होती. मी ती पुढच्या काचेच्या आतून ओढली आणि आम्ही दोघे पुन्हा तिच्याखाली बसलो. या वेळी चालकाच्या जागेवर मी होतो. मी खटका ओढला. हिरवा उजेड वर आला.

"लागलं का?"

"लागलं."

"आता तू म्हणशील त्येच खरं," साहेबराव म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते नुसते सांगत होते. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी हात पुढे केला, काच शोधली, आणि डावीकडून उजवीकडे पुसली. "वाच की मग."

मी वाचू लागलो. प्रत्येक आकड्याला मी त्यांचे बोट धरून त्या जागी काचेवर टेकवले. वीस. चाळीस. साठ. साठवर त्यांनी बोट थांबवले.

"हितनं फुडं म्या कदी गेलो न्हाय," ते म्हणाले. "फुडचं जावायाला वाचून दाव."

बाहेरून बुद्धघोष यांनी चहा आल्याचे सांगितले. मी खटका बंद केला आणि वाकळ उचलली. ऊन एकदम आत आले. मी डोळे मिटून घेतले. साहेबरावांनी मिटले नाहीत.